क्रमांक सतराची नीलपरी

आमच्या दोन खोल्यांच्या घरात एका सकाळी चोवीस कुंड्या येऊन बसल्या, त्याचं मूळ मिक्सरमध्ये आहे.

लेक होण्याआधी मी घरगुती उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीत माहितीपुस्तिका लिहायचे. मिक्सर, इस्त्री, टेबलफॅन, एकदा तर केस वाळवायचं यंत्र. ‘यंत्र चालू असताना भांड्यात हात घालू नये’ हे वाक्य तुमच्या घरात कुठल्यातरी खणात, जुन्या चाव्या आणि सेफ्टीपिनांच्या सोबतीनं पडलेलं असेल, तर ते बहुधा माझं आहे. माझं लेखन घरोघरी पोचलंय आणि ते कुणीही वाचलेलं नाही, असं छातीठोकपणे सांगू शकणारी मी एकटीच लेखिका असेन. पुस्तिकेवर कंपनीचं नाव असतं, कारखान्याचा पत्ता असतो, तक्रारीसाठी फोन नंबर असतो. लिहिणारीचं नाव नसतं. तेव्हा त्याचं काही वाटायचं नाही.

वाटायला लागलं ते लेकीच्या बालवाडीत. पहिल्याच आठवड्यात बाईंनी मुलांना विचारलं, आईबाबा काय करतात. आमची चिमणी (हे तिचं घरातलं नाव, वय साडेतीन, आवाज वय वर्षं तीस) उभी राहून म्हणाली, "बाबा ऑफिसला जातो. आई घरात हरवलेल्या वस्तू शोधते." बाई मला हे हसत हसत सांगत होत्या आणि मीही हसले. उत्तरात चूक काढण्यासारखं काही नव्हतंच. त्या दिवशी सकाळीच मी एक मोजा, नवऱ्याचं ओळखपत्र आणि फ्रीजमध्ये गेलेला रिमोट शोधून दिला होता. पण घरी येताना रस्ताभर ते वाक्य चपलेतल्या खड्यासारखं टोचत राहिलं.

आमच्या रस्त्याच्या टोकाला एक रोपवाटिका आहे. मालकांना सगळे काका म्हणतात, त्यांच्याहून मोठी माणसंही. नवरा तिथं मेलेला मनीप्लँट परत करायला गेला होता. (मनीप्लँट कधी मरत नाही म्हणतात. आमच्याकडे मेला. यावरून पुढचा अंदाज ज्याचा त्यानं घ्यावा.) काका तेव्हा गिऱ्हाइकांना वाटायला रोपांचं एक सचित्र पुस्तक काढायचं म्हणत होते, लिहिणारं कुणी मिळत नव्हतं, आणि नवऱ्यानं मला न विचारता सांगून टाकलं, "माझी बायको लिहिते की." मी रीतीप्रमाणे रागावले. मग मोरीत जाऊन नळ सोडला आणि तेच वाक्य हळूच म्हणून पाहिलं. बरं वाटलं.

ठरलं ते असं. चोवीस झाडं, प्रत्येकी चाळीस शब्द, आणि शेवटच्या पानावर ‘वर्णने’ असं छापून त्याखाली माझं नाव.

"हे जमलं ना ताई, तर दर हंगामाचं पुस्तक तुमचं," काका म्हणाले. "नाही जमलं तर मी आपला नेहमीसारखी नुसती नावं छापीन."

साडेतीन वर्षांनी कुणीतरी मला एखादी गोष्ट जमेल का म्हणून विचारत होतं, आणि त्या गोष्टीचा दुधाच्या बाटलीशी संबंध नव्हता. मी लगेच हो म्हटलं.

चिमणी दुपारी दीडला झोपते आणि तीनला उठते. या दीड तासात मी आधी धुणं वाळत घालायचे, मग भांडी लावायचे, मग दहा मिनिटं भिंतीकडे बघत बसायचे. आता भिंतीऐवजी वही घेतली आणि दोन दुपारींत चारपाच वर्णनं उरकून काकांना नेऊन दाखवली. काकांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि मोठ्यानं वाचलं, "कोरफड. कुंडी सपाट पृष्ठभागावर ठेवावी. पाणी प्रमाणाबाहेर घालू नये. लहान मुलांपासून दूर ठेवावी."

मग त्यांनी चष्मा परत कपाळावर नेला. "ताई, हे वाचून पाणी घालायचं की प्लग लावायचा?"

मला लागलं. ज्या शैलीनं हजारो बोटं शाबूत ठेवली, तिचा असा अपमान.

"तुम्ही कोरफड बघितलीय का?" त्यांनी विचारलं.

"बघितलीय की."

"किती वेळ?"

कोरफड ही काय वेळ लावून बघायची गोष्ट आहे? मी म्हटलं, "म्हणजे, दिसलीय."

"हां. दिसलीय. शेजारी बसा तिच्या. आठपंधरा दिवस बसा. मग लिहा."

मला वाटलं, वयस्कर माणूस आहे, उपदेश करतोय. दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो आला.

चोवीस कुंड्या, प्रत्येकीत क्रमांकाची पांढरी पट्टी खोचलेली, आणि सोबत एक यादी. क्रोटन, कर्दळ, सदाफुली, शेवंती, नेचे, गुलबक्षी, लाजाळू, चार जातींचे निवडुंग आणि इतर मंडळी. कर्दळ उंच म्हणून फ्रीजशेजारी उभी राहिली आणि फ्रीज उघडताना प्रत्येक वेळी तिला ‘जरा सरका’ म्हणावं लागायचं. नेच्यांना ओल लागते म्हणून ते न्हाणीघरात. निवडुंग कुठं ठेवावेत यावर एक रात्रभर विचार करून नवरा सकाळी त्यांच्यावरच बसला. उरलेल्या अकरा कुंड्या घरात मावेनात, म्हणून त्या जिन्याच्या चौकात मांडल्या, आणि तिथं सेक्रेटरी उपटले.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी जमीनमोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेत. खातं सुटलं, फीत सुटली नाही. ती त्यांच्या शर्टाच्या खिशात असते, जिथं इतरांचं पेन असतं. त्यांनी चौक मोजला, कुंड्या मोजल्या आणि म्हणाले, "अडथळा."

"पंधरा दिवसांचाच प्रश्न आहे हो," मी म्हटलं.

"मग तात्पुरता अडथळा. अर्ज करा. सोबत यादी. नाव, उंची, घेर."

मी अर्ज केला. सोबत यादी जोडली आणि आता झाडांशेजारी बसायला लागलेच होते म्हणून शेरेही लिहिले. संध्याकाळी अर्ज परत आला. लाजाळूसमोर मी ‘हात लावला की मिटते, पाच मिनिटांनी कुणी नाही असं बघून हळूच उघडते’ असं लिहिलं होतं, त्याखाली लाल रेघ होती.

"स्वभाव लिहू नका," सेक्रेटरी म्हणाले. "उंची लिहा."

"मिटल्यावरची की उघडल्यावरची?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी थट्टा करत नव्हते. त्यांनाही ते पटलं असावं, कारण ते फीत काढून लाजाळूपाशी उकिडवे बसले आणि ती परत उघडेपर्यंत थांबले. पाच नाही, नऊ मिनिटं लागली. तसं त्यांनी यादीत नोंदवलं.

या सगळ्यात क्रमांक सतराची तब्येत बिघडली.

सतरा म्हणजे नीलपरी. यादीत तिच्यापुढं काकांनी एवढंच लिहिलं होतं: ‘नाजूक. निळं फूल. सकाळी उमलतं. फार जपा.’ बाकी कुणापुढं ‘फार जपा’ नव्हतं, म्हणून मी तिला खिडकीची जागा दिली. आली तेव्हा ती एक काडी आणि दोन पानं एवढीच होती. चौथ्या दिवशी एक पान उरलं.

समोरच्या मावशींनी दारातूनच निदान केलं. "ऊन जास्त होतंय तिला." कुंडी आत घेतली. संध्याकाळी त्याच म्हणाल्या, "अगं, काळोखात कशी जगेल?" कुंडी बाहेर काढली. मग त्यांनी अंड्यांची टरफलं आणून मातीत खोचली. पान पिवळं पडलं. नवऱ्यानं कुठंतरी वाचलं होतं की झाडांशी बोलावं. तो दाढी करताना तिच्याशी बोलायला लागला, पण त्याला ऑफिसखेरीज विषय सुचेनात, आणि त्याच्या साहेबाबद्दल रोज सकाळी ऐकून कुणाला जगावंसं वाटेल? शेवटी वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर आले. त्यांनी काडी दोन बोटांत धरून किंचित हलवून पाहिली.

"हलतेय," ते गंभीरपणे म्हणाले. "मूळ बघायला लागेल."

मी नको म्हणेपर्यंत त्यांनी ती सफाईनं बाहेर काढली होती. इतकी सफाई की मी उगाचच गालाला हात लावला. त्यांनी मूळ उजेडात धरून बघितलं, "मूळ ठीक आहे," असं सांगितलं आणि काडी परत बसवली. दुसऱ्या दिवशी शेवटचं पान गळलं.

आता मी काय करायला हवं होतं हे तुम्हाला कळतंय. काकांना फोन. मलाही कळत होतं. पण फोन हातात घेतला की ‘नाही जमलं तर’ हे त्यांचं वाक्य आठवायचं. चोवीसातली एक गेली म्हटल्यावर ते म्हणतील, ताई, राहू द्या. मी फोन ठेवायचे आणि त्या काडीला पाणी घालायचे. चिमणी शेजारी उभी राहून बघायची. "ती झोपलीय का?" तिनं एकदा विचारलं. मी म्हटलं, हो. "एकटीच?" म्हटलं, हो. ती बराच वेळ काडीकडे बघत राहिली.

आठव्या दिवशी सेक्रेटरी तपासणीला आले. मी तेव्हा चिमणीच्या डोक्याला साबण लावत होते. ते रजिस्टर घेऊन कुंडी ते कुंडी फिरले, खिडकीपाशी बराच वेळ थांबले, काहीतरी लिहिलं आणि न्हाणीघराच्या दारातून रजिस्टर आत धरलं. "सही." मी ओल्या हातानं सही केली. शाई पसरली. त्यांना ते आवडलं नाही, पण ते गेले.

त्यानंतर दोनच दिवसांनी चमत्कार झाला. काडीच्या बुंध्याशी हिरवं दिसलं. दोन पानं, मग चार, मग एक लांबुळकी फांदी कुंडीच्या काठावरून वाकून खाली बघायला लागली. जुनी काडी तशीच उभी होती, पण तिला आता कोण विचारतं? समोरच्या मावशींनी श्रेय टरफलांना दिलं. डॉक्टर म्हणाले, "मी म्हटलं होतं, मूळ ठीक आहे." नवऱ्यानं श्रेय मागितलं नाही, पण तो साहेबाबद्दल जास्त जोमानं बोलायला लागला. चिमणीला मात्र काहीच आश्चर्य वाटलं नाही. "मला माहितीये," ती म्हणाली आणि खेळायला गेली.

आणि मग एका सकाळी फूल आलं.

माझी पंचाईत अशी की ते फूल दुपारच्या आत मिटायचं आणि माझा वेळ दुपारी दीडला सुरू व्हायचा. म्हणून मी सकाळचा वेळ चोरायला लागले. चिमणीला दात घासायला अर्धा तास लागतो, कारण ती आपले झाले की बादलीचेही घासते. तेवढ्यात मी खिडकीपाशी जाऊन बसायचे. हळूहळू इतरांकडेही बघायला लागले. गुलबक्षी चारच्या सुमाराला उमलते, शाळेतून मुलं येताना, कुणीतरी घरी पाहिजे म्हणून उघडल्यासारखी. क्रोटनचं एक पान दुसऱ्यासारखं नसतं, रंगाऱ्यानं नमुने दाखवायला ठेवल्यासारखी असतात. कोरफड आपलं पाणी आपण साठवते आणि कुणाला सांगत नाही. चाळीस शब्द कमी पडायला लागले. चार वर्षांपूर्वी मिक्सरचे चारशे भरायचे नाहीत म्हणून मी तेच वाक्य दोनदा लिहायचे.

सतराव्याचं वर्णन मी शेवटी लिहिलं आणि काकांना फोनवर वाचून दाखवलं. ‘नीलपरी. सकाळी लवकर या. दुमडलेल्या पानाच्या खिशातून ही निळ्या पाकळ्यांची एक जोडी बाहेर काढते, जगाकडे बघते आणि दुपारच्या आत परत ठेवून देते. उद्या दुसरी काढते. हिला मोठी जागा नको, मोठं कौतुक नको. रोज सकाळची पाच मिनिटं द्या.’

पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"ताई," काका म्हणाले, "तीस वर्षं झाडं विकतोय मी. हे असं असतं होय?"

नवऱ्यानं काढलेले फोटो थेट छापखान्यात गेले. पंधरा दिवसांनी पुस्तक आलं. शेवटच्या पानावर, रोपवाटिकेच्या पत्त्याच्या वर, माझं नाव होतं. मी ते पान नवऱ्याला दाखवलं, मावशींना दाखवलं, दूधवाल्याला दाखवलं. सेक्रेटरींना दाखवलं तर ते म्हणाले, "प्रत कार्यालयात जमा करा," आणि दुसरी स्वतःसाठी मागून घेतली.

त्याच आठवड्यात सासूबाई राहायला आल्या. त्यांचं माहेर शेतीचं. आल्याआल्या मी पिशव्या घ्यायच्या आधी त्यांच्या हातात पुस्तक दिलं. त्यांनी चष्मा लावून पहिल्यापासून एकेक पान वाचलं, मान डोलावली, आणि सतराव्या पानावर थांबल्या. फोटो जवळ घेतला. लांब धरला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं, वर्णन वाचून रडताहेत.

"काय झालं, आई?"

"अगं, हा केना आहे," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "गवत गं. बांधावरचं तण. लहानपणी आम्ही बहिणी दिवसदिवस हाच खुरपायचो. कंबर मोडायची. आणि तू त्याला परी केलंस."

मी म्हटलं, तुमची काहीतरी चूक होतेय, ही फार नाजूक जात आहे.

"नाजूक?" त्यांना परत हसू आलं. "वरून उपटला तर तुकड्यातुकड्याला मुळं फुटतात याच्या. आणि मुळासकट उपटशील तर खाली बघ, मातीतसुद्धा बारीक फुलं असतात. पांढरीशी. मातीच्या आतच फुलतो, आतच बी धरतो. कुणी बघो न बघो. तो कशाला जातोय मरायला."

मी पुस्तक तिथंच टाकून खाली सेक्रेटरींकडे गेले. का गेले ते मला सांगता येणार नाही. घर बुडत असताना माणूस कागदपत्रांकडे धावतं, तसं असावं. त्यांनी रजिस्टर काढलं, तपासणीच्या दिवसाचं पान उघडलं आणि बोट ठेवलं. ‘कुंडी क्र. १७. मृत काडी, नग एक. जिवंत गवत, नग एक. एकूण वनस्पती परवानगीपेक्षा एकने अधिक.’ खाली पसरलेल्या शाईत माझी सही.

"तुम्हाला माहीत होतं?"

"मोजलं होतं."

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं. लेखी." त्यांनी रजिस्टर मिटलं. "आपण न वाचता सही केलीत."

मी, जिनं आयुष्यभर ‘वापरापूर्वी सूचना काळजीपूर्वक वाचाव्यात’ हे वाक्य लिहिलं, ती तशीच जिन्यात बसून राहिले.

वर आले तर काकांचा फोन. आवाज आनंदानं फुलला होता. "ताई, नीलपरीला अडतीस मागण्या. अडतीस. गुलाबालासुद्धा एवढ्या नाहीत. मी मोठ्या रोपवाटिकेतून गाडीभर मागवल्यात, परवा येतील."

परवा गाडी येणार, काका पुस्तकातला फोटो आणि गाडीतलं रोप शेजारीशेजारी धरणार. फोनवर बोलायचं धैर्य झालं नाही. सतरा नंबरची कुंडी उचलली, चिमणीचा हात धरला आणि निघाले. सासूबाई म्हणाल्या, "थांब, मीपण येते. तुझ्यापेक्षा माझी ओळख जुनी आहे त्याच्याशी."

काकांनी कुंडीकडे बघितलं. फूल मिटलेलं होतं, पण पानं पुरेशी होती. ते सावकाश खताच्या गोणीवर बसले.

"ताई, हे उपटायला मी दोन माणसं ठेवलीयत. रोज सकाळी."

"तुमची नीलपरी माझ्याकडे मेली," मी म्हटलं. "दुसऱ्याच आठवड्यात. मी सांगायला हवं होतं."

"का नाही सांगितलं?"

"तुम्ही काम काढून घ्याल म्हणून."

त्यांनी कुंडी जवळ ओढून एक पान उलटं करून बघितलं. सासूबाईंनी तोंड उघडलं आणि माझ्याकडे बघून मिटलं.

"लोक म्हणतील, काका गवत विकतो," ते शेवटी म्हणाले. "त्यांना काय सांगू मी?"

"मी सांगते. प्रत्येक रोपाबरोबर चिठ्ठी जाईल. माझ्या नावानं."

"नावाचं काय, ते तर आधीच छापलंय," काका म्हणाले. रागानं नव्हे. त्यामुळं जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी दीडला मी वही घेऊन बसले. पहिला मसुदा मिक्सरचा झाला: ‘झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’ आहोत म्हणजे कोण? मी एकटीच होते. दुसरा मसुदा इतका रडका झाला की वाचून माझं मलाच कसंसं झालं. तेवढ्यात पावणेतीनला चिमणी डोळे चोळत आली आणि मांडीवर बसली.

"काय लिहितेस?"

"चूक झाली, ती लिहितेय."

"कुणाची?"

"माझी. काडीशेजारी गवत उगवलं आणि मला कळलं नाही."

"उगवलं नाही काही," ती म्हणाली. "मी लावलंय."

मी पेन खाली ठेवलं. "कधी?"

"ती एकटी होती तेव्हा."

"कुठून आणलंस?"

"गेटापाशी. गटार आहे ना, तिथं. तिथं खूप आहेत. आज्जीचा सॉक्स हरवला तोपण तिथं आहे."

सॉक्सचा भाग मी नंतर तपासला. खरा होता. पण त्या वेळी मी फक्त तिच्या केसांत नाक खुपसून बसले. मग तिला मांडीवर तसंच ठेवून, वही तिच्या पलीकडे धरून, एका दमात लिहिलं:

‘शुद्धिपत्र, क्रमांक १७. पुस्तकातला फोटो आणि वर्णन नीलपरीचं नाही. ते केना नावाच्या गवताचं आहे. ही चूक रोपवाटिकेची नाही, लिहिणारीची आहे. तिच्या नीलपरीला वाचवता आलं नाही आणि ते तिनं कळवलंही नाही. खरी नीलपरी सोबत आहे, तीही देखणी आहे. नको असल्यास परत करावी. केना विकत मिळत नाही. तुमच्या फाटकाशी, पाइपाखाली, गटाराच्या कडेला तो आत्ताही असेल. सकाळी दहाच्या आत वाकून बघावं. मात्र एकदा घरात आला की जात नाही, उपटला तरी नाही, कारण तो मातीच्या आतही फुलतो, कुणी बघत नसताना.’

शेवटचं वाक्य लिहून मी शब्द मोजले. चाळीस शब्द कधीच ओलांडले होते. काही खोडलं नाही.

अडतीस चिठ्ठ्या गेल्या. पाच नीलपऱ्या परत आल्या, आणि एका गृहस्थांचं पत्र, की मी गवत आणि फूल यांतला फरक न कळणारी बाई आहे. तो मला अजूनही नीट कळत नाही. बाकीच्यांनी रोपं ठेवून घेतली. मग आठवडाभरानं एक विचित्र गोष्ट सुरू झाली. सकाळी नऊच्या सुमाराला लोक रोपवाटिकेत येऊन काकांना विचारायला लागले, "ते शुद्धिपत्रातलं कुठं बघायला मिळेल?" काकांनी आधी कपाळाला हात लावला. मग त्या दोन माणसांना सांगितलं, उपटलेलं टाकू नका, फाटकाशी टोपलीत ठेवा, ज्याला हवं त्यानं न्यावं. टोपली दहापर्यंत रिकामी व्हायची. सासूबाई एकदा तिथं उभ्या राहून हे बघत होत्या. "आमच्या वेळी कुठं होते हे लोक," त्या म्हणाल्या.

सेक्रेटरीही आमच्या दारात आले, हातात चिठ्ठी. अडतीसातली एक मागणी त्यांची होती हे मला तेव्हा कळलं.

"पण तुम्हाला तर ते गवत आहे हे ठाऊक होतं," मी म्हटलं. "तुम्हीच नोंदवलं होतंत."

"नोंद गवताची होती," ते फीत चाचपत म्हणाले. "वर्णन नंतर वाचलं." मग घसा खाकरून, "गेटापाशी सतरा आहेत. मी मोजले. सफाईवाल्याला लेखी कळवलंय, तेवढे सोडून बाकी झाडावं."

कुंड्या परत न्यायला टेम्पो आला त्या दिवशी काका स्वतः आले. तेवीस चढवल्या. सतराव्याला हात लावला नाही.

"पुढच्या हंगामाचं पुस्तक," ते म्हणाले, "तुम्हीच करा. झाडं माझी. शेवटी चार पानं मोकळी सोडणार आहे. विकत न मिळणाऱ्यांची."

"त्यात काय घालायचं?"

"ते मला काय माहीत? मी विकतो ती झाडं मला माहीत. तुम्ही बघा. शेजारी बसा." जिना उतरता उतरता थांबून ते म्हणाले, "आणि ताई, काही मेलं तर फोन करा. माझ्याकडे रोज मरतात."

तेव्हापासून बालवाडीची दहा मिनिटांची वाट आम्हाला अर्धा तास पुरत नाही. चिमणी पुढं, कडेकडेनं, नाक जमिनीपाशी. मी मागं, खांद्याला तिचं दप्तर आणि हातात वही. आंबुशी सापडली, तिची तीन पानं संध्याकाळ झाली की छत्रीसारखी मिटतात. एकदांडी सापडली, एका उंच दांड्यावर एवढंसं फूल उचलून धरलेली, वर्गात उत्तर येत असलेल्या मुलीसारखी. दवाखान्याच्या भिंतीत, पाइपाच्या सांध्यात, एक नेचा सापडला, ज्याला आमच्या न्हाणीघरातल्या नेच्यांसारखं कुणी कधी जपलं नसेल आणि जो त्यांच्यापेक्षा टवटवीत होता. रोज उशीर होतो. बाई दारात उभ्या असतात.

परवा बाईंनी वर्गात परत तोच प्रश्न विचारला. मी दप्तर द्यायला दाराशी थांबले होते. चिमणी उभी राहिली.

"बाबा ऑफिसला जातो. आई हरवलेल्या वस्तू शोधते."

बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि हसू दाबलं. "हो का? मग सापडतात का आईला?"

चिमणीनं जरा विचार केला. खोटं बोलायची तिला सवय नाही.

"आधी मला सापडतात," ती म्हणाली. "मग ती लिहिते."